माजघरातला अंधार ब्लेंडरमध्ये आणायचा तर

भुताचा सीन म्हटला की बरेच जण अख्खी खोली निळी करतात, वरनं धूर सोडतात आणि झालं म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. भीती निळ्या रंगात नसते, उजेड नेमका कुठं संपला हे बघणाऱ्याला कळत नाही ना, तिथं असते.

सध्या मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बेळगावजवळच्या खानापूर भागातल्या जुन्या कौलारू घराचं माजघर करालोय. रात्र, बाहेर जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, लाईट गेलेली. पहिलं काम म्हणजे वर्ल्डचा, म्हणजे सीनभोवतीच्या पार्श्वभूमीचा, रंग पूर्ण काळा, कारण ब्लेंडरच्या नव्या फाईलमध्ये तो करडा असतो आणि खिडकीतनं, कौलांच्या फटीतनं तो उजेड आत शिरून सगळं मचूळ करतो. मग एकच कंदील, तो पण जमिनीवर. आपल्याला माणसाचं तोंड वरनं पडलेल्या उजेडात बघायची सवय असते, खालनं उजेड आला की नाकाची, भुवयांची सावली उलटी वर जाते आणि घरचीच आजी अनोळखी वाटाय लागते. कंदिलाच्या जागी लावलेल्या पॉइंट लाईटची रेडियस लहान ठेवा, म्हणजे खांबाची सावली भिंतीवर धारदार पडते. रंगाला ब्लॅकबॉडी नोड, जो तापमानावरनं उजेडाचा रंग ठरवतो, १९०० केल्विनच्या आसपास.

उजेड अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे १ मीटरवर जेवढा त्याच्या चौथा हिस्सा २ मीटरवर, आणि ३ मीटरवर नववा. सायकल्स, म्हणजे ब्लेंडरचं रेंडर इंजिन, हे आपोआप करतं, आपण फक्त मध्ये पडायचं नाही, कोपरा दिसत नाही म्हणून दुसरा दिवा लावायचा नाही.

आता खरी गोष्ट, जिच्याकडं कुणी लक्ष देत नाही, ती म्हणजे भिंती आणि जमीन. चुन्यानं रंगवलेली पांढरी भिंत उजेड परत फेकते, मग एका कंदिलात पण खोली भरून जाते आणि भीती संपली! शेणानं सारवलेली जमीन मात्र उजेड पिऊन टाकते. चुलीकडची भिंत धुरानं काळी पडलेली असते, ती तर काहीच परत देत नाही. म्हणून मी माजघराच्या भिंती मळकट केल्या आणि स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवलं, त्या दाराच्या चौकटीपलीकडं निव्वळ काळं. तिथं मी काहीच मॉडेल केलेलं नाही, गरजच नाही, बघणारा स्वतःच भरतो.

निळा हवाच असेल तर पाऊस उघडलाय असं धरून काचेच्या कौलातनं चांदण्याचा एक पट्टा सोडा, बास. खरंतर चांदणं उन्हापेक्षा थोडं पिवळटच असतं, पण मंद उजेडात आपले डोळे निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतात आणि लाल काळपट दिसतो, १८१९ साली पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं हे टिपलं होतं. म्हणजे त्या पट्ट्यात बाई आली तर तिचं कुंकू लाल नको, जवळजवळ काळं करा. एवढ्यानं काटा येतो अंगावर.

फडफडीचं म्हणाल तर ग्राफ एडिटरमध्ये दिव्याच्या पॉवरवर नॉइज मॉडिफायर लावून ती आपोआप कमी-जास्त करतात सगळे, पण कंदिलाला काच असते, तो असा थरथरत नाही. बिनकाचेची रॉकेलची चिमणी फडफडते. कंदील जमिनीवरनं उचलून हातात घेतला की हलतो, सावल्या भिंतीवरनं मागं-पुढं सरकतात, मी तेच कीफ्रेम केलंय, म्हणजे त्या हालचालीच्या जागा ठरवून दिल्यात, हळू, चालण्याच्या लयीत.

धूर फक्त स्वयंपाकघराच्या दाराजवळ, एका चौकोनी डब्याला व्हॉल्यूम स्कॅटर (धुक्यासारखा उजेड पसरवणारा नोड) लावून, घनता अगदी थोडी. सगळ्या खोलीत टाकला की काळा रंग करडा होतो.

आणि रेंडर झाल्यावर मोबाईलवर दिवसाढवळ्या बघा, कारण बहुतेक लोक तिथंच बघणार. तिथं कंदिलाशेजारचा चेहरा दिसला नाही तर कंदिलाची पॉवर वाढवा, दुसरा दिवा नको.

निपाणी, खानापूरकडं कुणाच्या घरी जुनं माजघर अजून शाबूत असेल तर रात्री कंदील लावून एक फोटो पाठवा, कोनाड्यांच्या सावल्या मला अजून नीट बघायच्यात.