तुम्ही विचारलंत म्हणून: वाळ्यासारखा दिसणारा पोवळा

"नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ह्या चौघांशिवाय आपल्याकडं विषारी साप नाही ना?" साप धरायला गेलं की गावात कुणीतरी हे विचारतंच. आहे. पोवळा. जेमतेम दीड वीत लांब, पेन्सिलीहून बारीक. दिवसभर दगडाखाली, पालापाचोळ्यात, भुसभुशीत मातीत दडलेला असतो, म्हणून सहसा कुणाला दिसत नाही.

मला तो पहिल्यांदा दिसला अंबाजोगाईजवळच्या एका शेतात. मृगाचा पाऊस होऊन गेला होता, बांधाचे ढासळलेले दगड मामा परत रचत होते. एक दगड उलटला आणि मामा म्हणाले, "वाळा हाय, काय करतोय त्यो!" हात पुढं गेलाच होता. मी ओरडलो, "मामा, हात मागं!"

वाळा म्हणजे गांडुळासारखा बिनविषारी साप, त्याचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं ते पटकन कळत नाही. ह्याचं डोकं मात्र जळक्या काडीच्या टोकासारखं काळं, मागं पिवळे ठिपके, अंग फिकट तपकिरी. काठी जवळ नेली तर पळाला नाही. शेपूट गुंडाळून वर उचललं. त्यावर दोन काळी कडी आणि खालून राखाडी-निळा रंग. पोटाकडं पोवळ्यासारखी लाली दिसली, नाव त्यावरूनच पडलंय. जॉर्ज शॉ यांनी 1802 साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कॅलिओफिस मेलॅन्युरस ह्या नावातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ काळ्या शेपटीचा. शत्रूचं लक्ष डोक्यावरून हटावं म्हणून हा शेपटीचा खेळ.

आणि हा खातो काय? मुख्यतः वाळेच! लोक ज्याला वाळा समजून उचलायला जातात, तो वाळ्यांवरच जगतो.

तो नाग-मण्यारच्याच कुळातला. तोंड इवलंसं, चावणं क्वचितच, चावल्यावर सूज आणि खाज आल्याच्या नोंदी आहेत. पण आपल्याकडची सर्पदंशाची लस वरच्या चार सापांच्या विषावरून बनते, पोवळ्याच्या नाही. म्हणून बारीक साप दिसला तर हातात घेऊ नका, मारूही नका. चावलाच तर थेट दवाखाना गाठा.

त्या दिवशी आम्ही दोघं उकिडवे बसून बघत राहिलो. शेपूट हळूहळू सैल झालं, काळं डोकं मातीत शिरलं, मागोमाग सगळा साप. मामांनी तो दगड बांधावर रचला नाही, होता तिथंच अलगद ठेवला.