हँडलची पिशवी

लातुरात पन्नाशीला टेकलेला माणूस पहाटे सायकलवर दिसला की बघणाऱ्याला वाटतं, याच्यावर काहीतरी वेळ आलीय. सुरुवातीच्या महिन्यात बार्शी रोडला मला तीनदा लिफ्ट देऊ केली गेली. एक पिकअपवाला तर गाडी बाजूला घेऊन खालीच उतरला. "सर, सायकल मागं टाका, तुम्ही पुढं बसा. गाडी कुठं बंद पडली?" मी म्हटलं, गाडी घरी आहे आणि चालू आहे. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग घरी काय झालंय का ओ?"

घरी काही झालं नव्हतं. जे झालं होतं ते रक्तात. तीन महिन्यांची साखर ६.१ आली होती. ५.७च्या खाली असती तर सुटलो असतो, ६.५ असती तर सरळ मधुमेहाचा शिक्का बसला असता. मी मधल्या पट्ट्यात, म्हणजे आमच्या भाषेत काठावर पास. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. दहावीत त्याला जे ऐकवायचो, ते त्यानं एवढी वर्षं जपून ठेवलं होतं. कागदावरून नजर न उचलता म्हणाला, "सर, असंच चाललं तर बोर्डाला अवघड आहे."

मग त्यानं नीट समजावलं. मांड्यांचे मोठे स्नायू चालायला लागले की रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाटसुद्धा बघत नाहीत. बसून राहणाऱ्याच्या मांड्या म्हणजे कुलूप लावलेलं गोदाम. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं काहीतरी करा, म्हणाला. चालायला मला कंटाळा येतो. मुलगा पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्याची सात गिअरची सायकल जिन्याखाली ठेवून गेला होता. तिच्यावर आईनं वाळवणाच्या चादरी टाकलेल्या होत्या. चादरी काढल्या.

पहिल्या आठवड्यात गुडघे बोलायला लागले. गंजगोलाईजवळ एक जुने सायकल मिस्त्री आहेत. १९१७ सालची ही गोलाई, तिच्यातून सोळा रस्ते फुटतात, आणि कुठल्या रस्त्यानं आत आलो हे मला जन्मभर इथं राहूनही बाहेर पडताना आठवत नाही. मिस्त्रींनी सायकलकडं न बघता माझ्या बसण्याकडं बघितलं. "सीट खाली हाय. दोन्ही पाय टेकायला पाहिजेत म्हणून ठेवलीय ना?" तसंच होतं. त्यांनी सीटवर बसवलं, टाच पॅडलवर ठेवायला सांगितली आणि पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ होईल एवढी सीट वर घेतली. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात जरासाच वाक राहतो. तेवढ्यानं गुडघे गप्प झाले. पैसे विचारले तर म्हणाले, "पाना फिरवायचे काय घ्यायचे?"

गुडघ्यांचं मिटलं, पण लोकांचं मिटेना. आमच्याकडं सायकल ही परिस्थितीची खूण आहे. माझ्या वडिलांनी काळ्या सायकलवर बावीस वर्षं नोकरी केली. मोटारसायकल दारात आली त्या दिवशी आईनं तिला हळदकुंकू लावलं, हार घातला, आणि संध्याकाळी सायकल भंगारात गेली, तिच्याकडं मागं वळून कुणी बघितलं नाही. आता मुलगा खुशीनं सायकलवर निघतो म्हटल्यावर आईला ते कसं पटावं? "त्यांनी सुटका करून घेतली न् तू परत जाऊन बसलास." शहरात सायकलवर शोभतात ती फक्त क्लासची पोरं. पावणेसहाला थव्यानं निघतात, पाठीवर स्वतःपेक्षा मोठी सॅक, आणि त्यातली निम्मी अजून झोपेत. त्यांच्यामधून मी जायचो तेव्हा 'सर पण क्लास लावले का' असं कुणीतरी मागून म्हणायचं.

तोडगा आईनंच काढला, न ठरवता. एका रविवारी निघताना म्हणाली, "निघालासच तर येताना शेवग्याच्या शेंगा आण." नायलॉनची पिशवी हँडलला अडकवली. आणि त्या दिवशी, शप्पथ, कुणी थांबलं नाही. हरंगुळच्या पुढं एकानं फक्त विचारलं, "काय आणायला?" "शेंगा." "हां," म्हणाला आणि गेला. त्या 'हां'मध्ये केवढी मान्यता होती! माणूस कामाला निघालाय, बस. कामासाठी वीस किलोमीटर पॅडल मारलं तर तो कष्टाळू आणि बिनकामाचं मारलं तर त्याच्या घरी काहीतरी झालंय.

तेव्हापासून पिशवी ही माझ्या सायकलचा भाग झाली, जशी घंटी. काही आणायचं नसलं तरी लावायची. रिकामी पिशवी वाऱ्यानं फडफडते आणि उघडी पडते, म्हणून आत कालचा पेपर घडी करून ठेवायचो. फाट्यावरच्या चहावाल्यानं एकदा पकडलं. "सर, रोज काय असतं ओ पिशवीत?" "पेपर." त्यानं हात घालून बाहेर काढला, तारीख बघितली, परत ठेवला आणि चहा ओतला. तो काही बोलला नाही हे मला जास्त लागलं.

बार्शी रोड सरळ पश्चिमेला जातो, आणि आषाढात वारा सरळ पश्चिमेकडून येतो. सपाट रस्त्यावर घाट चढायचा असेल तर त्या दिवसांत या रस्त्यानं जावं. वाऱ्याचा हिशेब सावकाराच्या हिशेबासारखा आहे, वेग दुप्पट केला की विरोध चौपट होतो. मी आधी उलटं करायचो. सकाळी वारा पाठीवर घेऊन नांदेड रोडनं मस्त लांब जायचो, आपण फार तयार झालो असं वाटायचं, आणि परतीला तोंडावर वारा, पोटात भूक, वर ऊन. आता नियम केलाय, जाताना वाऱ्याला तोंड द्यायचं आणि येताना त्यानं ढकलत घरी आणायचं. विमानतळाच्या पुढं कुठंतरी वळलं की एकदम कानातला आवाज बंद होतो. मागं कुणीतरी हात ठेवल्यासारखी सायकल पळते. तेवढ्यासाठी मी जातो असं म्हटलं तरी चालेल, पण हे चहावाल्याला सांगता येत नाही.

डांबर सोडून आत शिरायचं नाही, हाही नियमच. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटते, मडगार्डमध्ये भरते, आणि शंभर पावलांत चाक फिरायचं थांबतं. मग काडीनं चिखल उकरत बसा. उन्हाळ्यात तीच वाट कोरडी असते, तर वेड्या बाभळीचा काटा. हा काटा टायरमधून असा जातो की हवा लगेच जात नाही, पाऊण किलोमीटर मजेत नेते. पंक्चर काढायला मी मिस्त्रींकडूनच शिकलो. पाण्याची घमेली रानात कुठून आणणार? ट्यूब फुगवायची आणि ओठाजवळून हळूहळू फिरवायची. ओठाला गार फुंकर लागली की ती जागा. कागदानं घासायचं, सोल्युशन लावायचं, आणि मग थांबायचं. इथंच सगळे फसतात. सोल्युशन ओलं असताना चकती चिकटवली की ती घरापर्यंत येत नाही. त्याची चमक जाऊन ते मंद दिसायला लागेस्तोवर धीर धरावा लागतो. आणि ट्यूब आत घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. मी पहिल्या वेळी फिरवलं नाही. काटा तिथंच बसलेला होता.

पिशवीनं मला एकदा पाडलंही. श्रावणातली गोष्ट. आईनं वांगी सांगितली होती, दोन किलो. भरलेली पिशवी झोके घेत घेत पुढच्या चाकात गेली, तिचा बंद तारांत अडकला, आणि मी रस्त्याच्या कडेला, वांगी रस्त्याच्या मध्ये. खुरपायला निघालेल्या दोघी बायका धावत आल्या. एक वांगी गोळा करायला लागली, दुसरीनं माझ्या कोपराकडं बघितलं. "लागलं का ओ दादा?" मी 'नाही' म्हणेस्तोवर पहिली म्हणाली, "भरायची वांगी हायत की ही. चांगली हायत." एक सोयाबीनमध्ये घरंगळलं होतं, तेही तिनं शोधून आणलं. मी नुसता फिरायला आलेला असतो तर त्या कशा बघत राहिल्या असत्या, ते पडल्या पडल्या माझ्या डोक्यात येऊन गेलं. नंतर मिस्त्रींकडून मागं कॅरिअर बसवून घेतलं. गिअरच्या सायकलला शोभत नाही, असं ते तीनदा म्हणाले आणि घट्ट बसवून दिलं.

साखर ५.८वर आली. मला वाटलं, डॉक्टर पाठ थोपटेल. तो म्हणाला, "पाय पास झाले सर, बाकीचा वर्ग नापास." सायकलवर आपलं वजन सीट पेलते. हात, पाठ, खांदे नुसते प्रवासी. हाडांनाही हवा तो भार मिळत नाही. वय वाढेल तसे स्नायू गळत जातात, म्हणून आठवड्यातून दोन दिवस वजन उचला. मी एक दिवस जिममध्ये जाऊनही आलो. तिथं माझ्याच नववीतला एक मुलगा मागं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुमचा फॉर्म चुकतोय." मी जन्मभर पोरांचे परीक्षेचे फॉर्म तपासले. दुसऱ्या दिवसापासून घरीच सुरू केलं.

उठाबशांपासून. चोवीस वर्षांत मी किती पोरांना उठाबशा काढायला लावल्या असतील, त्याचा हिशेब आता मांड्या चुकता करतात. आधी खुर्ची मागं ठेवून, तिला बूड टेकलं की उठायचं. जोर जमिनीवर एकही निघेना, म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्याला हात टेकून तिरपे काढले. ओट्यावर वीस जमले की जिन्याची तिसरी पायरी, मग दुसरी. दर पंधरवड्याला एक पायरी खाली. उतरण्यात प्रगती असलेलं हे एकच काम मी आजवर केलंय. वजनाला तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे घेतले, पंधरा किलोवाले, आणि त्यांत वाळू भरली. वाळू तेलापेक्षा भारी, एकेक डबा पंचविसाच्या पुढं गेला. वरून आडवं लाकूड ठोकून मूठ केली. वाळू कुठून आणली ते विचारू नका, आमच्याकडं सध्या सोन्याचं बिल मागितलेलं चालतं, वाळूचं नाही.

आईवर याचा काही परिणाम झाला नाही. तिचं माहेर निलंगा तालुक्यातलं. तिकडच्याच रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनी १९७० साली एडिंबराच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचं सुवर्ण आणलं. व्यायाम म्हटला की तिच्या डोळ्यांपुढं तेच माप. त्यापुढं मी न् माझे डबे! ती जिन्यात बसून शेंगा फोडत बघायची. आठ वेळा उचललं, आठ वेळा ठेवलं. नवव्यांदा तिनं विचारलं, "उचललास तर परत तिथंच कशाला ठेवतोस?"

याला उत्तर नाही. मी बरंच शोधलं. स्नायूंना आधी जमलं त्याहून जरा जास्त ओझं द्यायचं, मग एखादा दिवस विसावा द्यायचा, त्या विसाव्यात ते भरून येतात, असं सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. तो डबा त्या कुंडीशेजारी ठेव. उन्हाची सावली होईल." दुसऱ्या दिवशी कुंडीजवळून परत जिन्यापाशी. मग गाद्या उन्हात टाकायच्या निघाल्या. नळाला पाणी आलं की खालच्या टाकीतलं वर नेणं. मोटार आहे, पण तिच्या मते मोटारीला कशाला त्रास? बायको एकदा म्हणाली, "अहो, आता तुम्ही वारच ठरवा. मंगळवार-शुक्रवार आईंचा." ठरलाच आहे तो. कंबरेनं नीट साथ दिली, तीही या डब्यांमुळं. पाठ न वाकवता मागं बूड नेऊन खाली जायचं, ओझं नडगीला चिकटून ठेवायचं, आणि उठताना श्वास सोडायचा, एवढं कळलं की गाद्या काय न् डबे काय.

माघात भावानं गावाकडून नवी ज्वारी पाठवली. पन्नास किलोचा कट्टा टेम्पोवाल्यानं ओसरीच्या कोपऱ्यात टाकला आणि तो निघून गेला. आई म्हणाली, कोठीच्या खोलीत न्यायला शेजारच्या पोराला बोलाव. मी म्हटलं, थांब. पाय कट्ट्याच्या दोन्ही बाजूंना घेतले, गुडघ्यात वाकलो, दोन्ही कान हातांत गुंडाळले, पाठ सरळ केली. श्वास सोडला. कट्टा हलला, सुटला, मांडीवरून घासत कंबरेपर्यंत आला. मी उभा! दोन्ही डब्यांएवढं ओझं, आणि तेही वाळूचं नाही, खायच्या ज्वारीचं. मी आईकडं बघितलं.

ती कट्ट्याखालची जमीन बघत होती. "अगं बाई, केवढी माती साचलीय," म्हणाली. "धर तसाच, झाडून घेते." आणि केरसुणी आणायला आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत होता, म्हणजे वाटेत तिला दुसरं काहीतरी काम दिसलं होतं.