कार्डावरचा रिकामा चौकोन

जूनमध्ये बालवाडीची ॲडमिशन सुरू झाली की मी आधारकार्डाच्याही आधी पोराचं लसींच्या डोसचं कार्ड मागते. काही आया चिडतात, म्हणतात बाई शाळेत घालायचंय, दवाखान्यात नाही. तरी मी मागतेच.

2018 ला 27 नोव्हेंबरपासून राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम होती, 9 महिन्यांपासून 15 वर्षांच्या आतल्या सगळ्या पोरांना, आधी डोस झालेला असला तरी परत एक. आमच्या शाळेत एका वर्गात टोचायचं आणि शेजारच्या वर्गात सतरंजीवर अर्धा तास बसवून ठेवायचं, कोणाला काही त्रास होतोय का ते बघायला. नर्सबाईंनी बर्फाच्या डब्यातून छोटीशी बाटली काढली, आतल्या पावडरीत पाणी मिसळलं आणि बाटलीवर वेळ लिहिली. वेळ कशाला विचारलं तर म्हणाल्या, एकदा मिसळलं की 4 तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. सुई झाली की अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण, आणि रडून लाल झालेली पोरंसुद्धा एकमेकांना अंगठा दाखवत बसली होती. त्याच आठवड्यात मोबाईलवर मेसेज फिरत होते की या सुईने पुढे मूल होत नाही, आणि एक आई रांगेतून पोरीला हाताला धरून घरी घेऊन गेली. ते अजून मनाला लागून आहे, कारण रुबेलाची सुई तर पुढे त्याच पोरीच्या पोटातल्या बाळाला जपण्यासाठी असते, गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाचे डोळे, कान, हृदय यांवर परिणाम होतो, आणि हे मला तेव्हा तिला नीट सांगता आलं नाही.

मग 2022 उजाडलं. गोवंडीत गोवर पसरला, भिवंडी, मालेगावलाही, लहान लहान मुलं दगावली. तेव्हा आमच्या बालवाडीतला एक साडेतीन वर्षांचा मुलगा डोळे लाल, नाक गळतंय असा दोन-तीन दिवस येत होता, आम्हाला वाटलं सर्दी. अंगावर पुरळ उठलं तेव्हा कळलं. आणि गोवर तर पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासूनच पसरतो, पेशंट खोलीतून गेला तरी 2 तासांपर्यंत हवेत राहतो, संरक्षण नसलेल्या लोकांत एकाकडून 12 ते 18 जणांना होऊ शकतो. म्हणून तर 100 पैकी 95 पोरांचे दोन्ही डोस व्हायला हवेत म्हणतात.

त्याच्या घरी गेले तर आजीने उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवलेला, म्हणाली गोवर पूर्ण बाहेर पडू दे, औषध नको. पाला राहू दे आजी, पण याला आत्ताच दवाखान्यात न्या असं मी हात जोडून सांगितलं, कारण गोवरात न्यूमोनिया होतो, डोळे जाऊ शकतात, आणि तिथे व्हिटॅमिन ए चे दोन डोस देतात ते फार गरजेचे असतात. नेलं त्यांनी, बरा झाला तो.

पण त्याचं कार्ड बघितलं ना, तर 9 महिन्यांचा डोस झालेला आणि 16 ते 24 महिन्यांचा चौकोन रिकामा. आईला विचारलं तर ती म्हणाली पहिल्या वेळी ताप आला म्हणून थोडी घाबरले, मग लॉकडाऊन लागला, गावी गेलो, परत आलो, राहूनच गेलं. विरोध वगैरे काही नाही हो, नुसतं राहून गेलेलं! मला वाटतं आपण मेसेज पसरवणाऱ्यांवर जेवढं बोलतो त्याच्या अर्ध्यानेही या राहून गेलेल्या दुसऱ्या डोसवर बोलत नाही. पोर चालायला लागलं की आईची दवाखान्याची फेरी बंदच होते.

परवा एक आई रेशनकार्डाच्या पिशवीतून घडी पडलेलं कार्ड घेऊन आली, पोरगी चार वर्षांची, तोच चौकोन रिकामा. सरकारी लसीकरणात हा डोस 5 वर्षांपर्यंत देतात, म्हणून तिथूनच आशाताईंना फोन लावला. गुरुवारी सुई आहे म्हणाल्या, सकाळी दहाला या. मी पण जाणार आहे सोबत, तिला तापाची भीती वाटतेय.