वास दारूचा होता, पण बाहुल्या?

ऑक्टोबरची रात्र होती, आंबिया बहाराची तोड जोरात सुरू होती. संत्र्याचे क्रेट भरून नागपूरच्या कळमना बाजाराकडे निघालेली ट्रॅक्टर-ट्रॉली रस्त्याकडेच्या नालीत गेली. दोन शिपाई ड्रायव्हरला बखोटीला धरून आमच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन आले.

"मॅडम, फुल टाइट हाये. मशीनमंदी पण आलं. तुम्ही फक्त ब्लड घेऊन द्या."

अशा केसमध्ये अटकेपासून 2 तासांत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, म्हणून सगळ्यांनाच घाई असते. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसायची नाही (स्पिरिट म्हणजे अल्कोहोलच), रक्त सोडियम फ्लोराइडच्या बाटलीत घ्यायचं आणि शिपायासमोर सील करायचं. यात मी कधीच हयगय करत नाही, कारण कोर्टात वकील आधी स्पिरिटचंच विचारतो.

तोंडाला देशीचा वास होता, बोलणं अडखळत होतं, चाल धड नव्हती. फॉर्म ए, म्हणजे दारूच्या तपासणीचं सर्टिफिकेट, भरायला एवढं पुष्कळ. पण डोळ्यांवर टॉर्च मारला आणि हात थांबला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दारू प्यालेल्याच्या अशा नसतात. घामानं शर्ट चिंब, तोंडातून लाळ, दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. छातीला स्टेथोस्कोप लावला, तर आत नुसती घरघर.

"दिवसभर काय केलं?"

"फवारणी, मॅडम. कपाशीवर."

"हातमोजे, मास्क?"

"कोन देते जी? सांजच्याला थोडी घेतली, मंग मालक म्हने ट्रॉली ने."

विषबाधा! ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक कातडीतूनही अंगात भिनतं. 2017 साली शेजारच्या यवतमाळात फवारणीनं माणसं गेली. तरीही दारूचा वास आला की आपल्याकडे पुढची तपासणीच थांबते, पोलिसांची आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांचीही.

बाहुल्यांची नोंद वेळेसकट आधी केली, कारण अ‍ॅट्रोपिन हे उताऱ्याचं औषध गेलं की त्या मोठ्या होतात आणि पुरावा पुसला जातो. सिस्टरनं कपडे उतरवून साबणानं अंग धुतलं, केससुद्धा. अ‍ॅट्रोपिनच्या एका अँप्यूलमध्ये 0.6 मिलिग्रॅम असतं. छाती कोरडी होईपर्यंत दर काही मिनिटांनी डोस दुप्पट करत न्यायचा. अँप्यूल फोडून फोडून सिस्टरची बोटं कापली. घरघर थांबल्यावर 108 नं त्याला नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात पाठवलं. तो वाचला.

रक्ताचा अहवाल नंतर आला: 100 मिलिलिटरमध्ये 38 मिलिग्रॅम अल्कोहोल. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 ची मर्यादा 30 ची, म्हणजे तो दोषी. दारूबंदी कायदा 50 पासून धरतो, तिथे तो बसत नाही. दारू पिऊन ट्रॉली चालवणं मी माफ करणार नाही. रस्त्यावर मुलं असतात. पण 38 मिलिग्रॅमनं त्याची ती अवस्था झाली नव्हती. अमली पदार्थांसाठी कलमात आकडा नाही, गाडीवर ताबा ठेवता येत नव्हता एवढं दाखवावं लागतं. कीटकनाशकाचा तर त्यात विचारच नाही. शिवाय रस्त्यावर श्वासाची तपासणी होते ती सार्वजनिक जागी. बांधाच्या आत, जिथे तो दिवसभर विष फवारत होता, तिथे कुणी येत नाही.

सर्टिफिकेटवर मी लिहिलं: दारू घेतलेली आहे, परंतु लक्षणं कीटकनाशकाच्या विषबाधेची. "मॅडम, इतकं कायले लिहिता, केस ढिली पडते न," शिपाई म्हणाला. मी केसपेपरची प्रत सोबत जोडली. फवारणीला कुणी पाठवलं आणि तशाच अवस्थेत ट्रॉलीवर कुणी बसवलं, हे विचारणारा रकाना फॉर्मवर नाही. ड्रायव्हरनं सांगितलेलं मालकाचं नाव मी केसपेपरवर त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं आहे. समन्स आलं की तेच वाचून दाखवीन.