तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवरचं ते टेबल

मी बरीच वर्षं क्रूझच्या बोटींवर वेटर आणि नंतर हेड वेटर होतो. हे कळलं की लग्नात असो वा ट्रेनमध्ये, समोरचा एकच प्रश्न विचारतो: "सूटबूट घालून जेवायला बसणं, कॅप्टनबरोबर जेवण, तो थाट अजून असतो का हो?"

कपड्यांचा थाट थोडाफार उरलाय. क्युनार्ड कंपनीच्या 'क्वीन मेरी 2' बोटीवर साउथहॅम्प्टन ते न्यूयॉर्कच्या सात रात्रींत अजूनही गाला नाइट्स, म्हणजे नटूनथटून जेवायच्या रात्री, असतात, पुरुष काळ्या बो टायमध्ये येतात आणि क्वीन्स रूममध्ये ऑर्केस्ट्रावर जोड्या नाचतात. बाकी बहुतेक बोटींवर अशी रात्र, म्हणजे फॉर्मल नाइट, आता नावापुरती. सेलिब्रिटी क्रूझेसने तर 2015 मध्ये ती बंदच केली. पण मला हळहळ वाटते ती टक्सिडोची, त्या काळ्या सुटाची, नाही. गेलं ते टेबल.

पूर्वी जेवणाची दोन सिटिंग, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या दोन पाळ्या, असायची आणि प्रत्येकाचं टेबल, खुर्ची, वेटर शेवटच्या रात्रीपर्यंत ठरलेले. बोट सुटायच्या आधी मेत्र डी, म्हणजे डायनिंग हॉलचा प्रमुख, याद्या घेऊन बसायचा. कोण एकटं आहे, कुणाची भाषा काय, वय काय, हे बघून अनोळखी माणसं आठ-आठच्या टेबलांवर बसवायचा. फार कसबाचं काम होतं ते. पहिल्या रात्री ब्रेडची टोपली फिरेपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. दोन-तीन रात्रींत मात्र नातवंडांचे फोटो निघायचे.

माझ्या एका टेबलावर एक वयस्कर इंग्लिश बाई होत्या, एकट्याच प्रवास करणाऱ्या. फॉर्मल नाइटला त्यांची खुर्ची रिकामी दिसली. बाकीचे सात जण नटूनथटून बसलेले, पण एकानेही मेन्यू उघडला नाही. "आधी केबिनला फोन लाव," म्हणाले. बाईंना बोट लागली होती. मी गॅलीतून, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरातून, हिरवी सफरचंदं आणि क्रॅकर्स आणले, बोट लागल्यावर आम्ही हेच देतो. ती बशी माझ्या हातातून घेतली टेबलावरच्या एका गृहस्थांनी आणि टक्सिडोतच ते जिना उतरून बाईंच्या केबिनपाशी देऊन आले. तोवर इथे सूपसुद्धा कुणी मागवलं नाही. आज त्याच बाई जेवायला आल्या नाहीत तर कुणाच्या लक्षात येईल?

हे कुणी मुद्दाम मोडलं नाही. 2000 साली नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 'फ्रीस्टाइल' आणलं: हव्या त्या वेळी, हव्या त्या रेस्टॉरंटमध्ये, हव्या त्या माणसांबरोबर जेवा. लोकांना ते आवडलं आणि इतरांनी उचललं. 2008 मध्ये अमेरिकन विमान कंपन्या पहिल्या बॅगेचेही पैसे घेऊ लागल्या. मग दोन रात्रींसाठी सूट आणि लांब गाऊन कोण वाहून नेणार? बोटीही फुगत गेल्या. 2024 मध्ये आलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर साडेसात हजारांच्या वर प्रवासी मावतात. तिथे कॅप्टनच्या टेबलावर पाळी यायची कुणाची? आता उपग्रहावरून वेगवान इंटरनेटही आलंय, त्यामुळे भर समुद्रात माणूस घरच्यांशीच बोलत बसतो.

जुनं सगळं चांगलं होतं असंही नाही. भाड्याचा सूट परवडत नाही म्हणून फॉर्मल नाइटला केबिनमध्येच सँडविच मागवणारी माणसं मी पाहिली आहेत. आपल्या बायकांना मात्र ती अडचण कधीच नव्हती. पैठणी नेसून कुणी जिन्यावरून उतरलं की अख्खा डायनिंग हॉल वळून बघायचा.

वेटरचंही बदललं. शेवटच्या रात्री दिवे मंद व्हायचे, आम्ही बेक्ड अलास्का, म्हणजे आइस्क्रीम भरलेला केक, डोक्यावर धरून रांगेने फिरायचो, लोक नॅपकिन हवेत फिरवायचे. मग निरोप घेताना माणसं टिपचं पाकीट स्वतः हातात द्यायची. त्यावर माझं नाव लिहिलेलं असायचं, कधी आत चिठ्ठीही. आता टिप रोजच्या रोज खात्यातून आपोआप कापली जाते. पैशाच्या दृष्टीने ते बरंच, कारण शेवटच्या रात्री तोंड चुकवणारेही पुष्कळ होते. पण पाहुण्याला माझं नाव ठाऊक असण्याचं कारणच संपलं. सलग सात रात्री वाढल्याशिवाय कुणाला लिंबू गरम पाण्यात लागतं आणि कुणाला गारच, हे कसं कळणार?

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. बऱ्याच कंपन्या ठरलेल्या वेळेचं जेवण अजून देतात, फक्त ते मागावं लागतं. बुकिंग करतानाच दुसरं सिटिंग घ्या, टेबल दोघांचं नको, मोठं आणि इतरांसोबतचं हवं असं लिहून द्या. बोटीवर चढल्यावर पहिल्याच दुपारी मेत्र डीला भेटून खात्री करा, कारण संध्याकाळपर्यंत मोठी टेबलं भरलेली असतात.