डबल स्ट्रोक

माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीला एकच पेर उरलंय. प्रेसवर नवीन पोरगं आलं की पहिल्याच दिवशी मी त्याच्यासमोर हा हात धरतो आणि सगळं सांगतो.

भोसरीत 50 टनी पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर होतो, सेकंड शिफ्टला. जॉब, म्हणजे बनवायचा भाग, ब्रॅकेटचा. पायडल दाबायचं, जॉब हाताने काढायचा, नवीन पट्टी लावायची. संध्याकाळपासून प्रेस मधूनच डबल मारत होती. म्हणजे पायडलवरून पाय काढलेला, तरी रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, पुन्हा खाली. मी सांगितलं. ‘एवढा लॉट निघू दे, मग बघू,’ असं उत्तर आलं. रात्री 9 च्या सुमाराला जॉब डायमध्ये, म्हणजे साच्यात अडकला. मी बोट घातलं. पाय पायडलवर नव्हता, हे आजही शपथेवर सांगेन. लगेच दुखलं नाही. हातमोज्याचं एक बोट तेवढं कागदासारखं चपटं दिसलं.

या जुन्या प्रेसमध्ये फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचची ‘की’, म्हणजे फ्लायव्हील आणि रॅम जोडणारी लोखंडी खीळ, त्यात अडकते, फेरी झाली की सुटते. ही खीळ झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली की ती सुटतच नाही. आणि एकदा अडकली की रॅम अर्ध्यात थांबत नाही. म्हणून अशा प्रेसला नुसता लाइट सेन्सर लावून भागत नाही. हात आत गेलाय हे त्याला कळेल, पण प्रेस थांबणार कशी? डायभोवती बोट शिरणार नाही अशी जाळीच हवी, आणि जॉब काढायला चिमटा.

भरपाईच्या तक्त्यात तर्जनीचं एक पेर गेलं म्हणजे कमाईची ताकद 9 टक्के गेली असं धरतात, दोन पेरं 11, अख्खं बोट 14. अंगठा 30. माझे 11 धरले. लेक लहान होती, तिची वेणी मी घालायचो. तर्जनीशिवाय पेड सुटतो, शाळेत पोहोचेपर्यंत केस मोकळे. ते या 11 मध्ये कुठे बसवायचं?

परवा एक पोरगा धावत आला, ‘मामा, डबल मारतेय.’ मी मेन स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. डिस्पॅचवाल्यांचे तीन फोन आले. किल्ली दिली नाही. फिटरने क्लच उघडला आणि तळहात माझ्यापुढे केला. स्प्रिंगचे दोन तुकडे होते.