लाल दाणे बांधावर, रोग काडीच्या आत

उत्तरा नक्षत्राचा पाऊस पडून गेला की सोलापूर जिल्ह्यात वाळक्या काड्यांना रंग फुटतात. आपल्याकडे जोराचा पाऊस सप्टेंबरातच. बांधावर टाकलेली छाटणी सलग चार-सहा दिवस ओली राहते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. सांगोला तालुक्यातल्या एका डाळिंब बागायतदारांनी अशाच काड्यांची पिशवी आमच्या वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळेत आणली. "सर, ह्ये लाल दानं बगा की. बागंत शिरायच्या आत काय मारू?"

पिशवी प्लॅस्टिकची, तोंड घट्ट बांधलेलं. आत घाम धरून बऱ्याच काड्यांवर हिरवी ट्रायकोडर्मा चढली होती आणि तिच्याखाली मूळ बुरशी झाकली गेली होती. नमुना आणायचा तर वर्तमानपत्रात गुंडाळून आणावा. वाटेत वाळला तरी बिघडत नाही, काडीवरच्या या बुरशांना वाळायची सवय असते.

बाभळीच्या फाट्यावर नारिंगी, चपटी, सेंटिमीटरभर उंचीची जेलीसारखी पाती होती. ही डॅक्रिओपिनॅक्स नावाची बुरशी. वाळली की तिची जेमतेम तार उरते, आणि पाण्यात ठेवली की थोड्या वेळात पुन्हा फुगते. ब्लेडने पातळ काप घेऊन 400 पट मोठा करून पाहिला, तर बीजाणू धरणाऱ्या पेशी इंग्रजी वाय अक्षरासारख्या दुभंगलेल्या दिसतात. ओळख पक्की होते ती तिथे. नारिंगी रंग कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजरातल्या रंगाच्याच कुळातला.

ज्यांची धास्ती होती ते लाल दाणे शेवगा आणि सुबाभळीच्या काड्यांवर होते. अर्ध्या मिलिमीटरच्या आतले, साल फोडून पुंजक्यांनी वर आलेले. 10 पटीच्या भिंगाखाली प्रत्येक दाण्याच्या टोकाला बारीक छिद्र दिसतं, बीजाणू तिथून बाहेर पडतात. शेजारी फिकट गुलाबी डोक्याच्या टाचण्या होत्या. ती वेगळी बुरशी नव्हे, हिचंच अलैंगिक रूप. दाणा सुईने उचलून काचपट्टीवर ठेवायचा आणि 3 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा (100 मिलि पाण्यात 3 ग्रॅम) थेंब सोडायचा. दाणा गडद लाल-जांभळा झाला, दुसरा लॅक्टिक आम्लात पिवळा पडला. म्हणजे नेक्ट्रियाचं कुळ. थेंब थेट काडीवर टाकू नये. अल्कलीने सालही तपकिरी होते आणि सगळंच 'पॉझिटिव्ह' वाटायला लागतं.

डाळिंबाच्या एका जाड तुकड्यावर शायझोफायलमचे पांढुरके पंखे होते. खालच्या पडद्या उभ्या चिरलेल्या, त्यामुळे ओळखायला सोपी. जमिनीवरच्या काडीवर ती दिसली तर दुर्लक्ष करावं. उभ्या झाडाच्या खोडावर दिसली, तर तिथलं लाकूड उन्हाने किंवा जखमेने आधीच मेलेलं आहे असं समजावं.

तिन्ही मेल्या लाकडावर जगणाऱ्या. फवारणीचं कारण नाही, असं सांगून प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण तळाशी डाळिंबाच्या काही काड्या होत्या, ज्यांवर रंगाचा ठिपकाही नव्हता. सालीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं. धारदार चाकूने आडवा छेद घेतला, तर पांढरट लाकडात करडा-तपकिरी पट्टा. या काड्या कुठल्या, असं विचारल्यावर कळलं की दोन झाडांची एकेक फांदी पिवळी पडली होती आणि पाणी तोडून दिलेला ताण जास्त बसला असेल म्हणून छाटून टाकली होती. लक्षण मर रोगाचं. डाळिंबात त्याचं मोठं कारण म्हणजे सेराटोसिस्टिस ही बुरशी. तरी नुसत्या डागावरून निकाल देता येत नाही, कारण भोकं पाडणारा भुंगेरा स्वतःची बुरशी सोबत आणतो आणि तिच्यामुळेही भोकाभोवती लाकूड काळवंडतं.

यावर गाजराची चाचणी स्वस्त आणि भरवशाची. ताजं, टणक गाजर सोलून 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) काही मिनिटं बुडवायचं, निर्जंतुक पाण्याने धुवायचं आणि ज्योतीवर धरलेल्या सुरीने अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करायच्या. डागाच्या कडेची, भोकापासून लांबची पातळ ढलपी दोन चकत्यांमध्ये दाबून ओल्या टिपकागदावर डबीत ठेवायची. ढलपीशिवायच्या दोन जोड्या तुलनेसाठी हव्यातच. पाणी जास्त झालं की जिवाणू शिरून गाजर सडतं आणि वास सुटतो. तशा चकत्या टाकून द्यायच्या, त्यांच्यावरून काही ठरवायचं नाही. आमच्या काही गेल्याच. उरलेल्यांवर आठवड्याच्या आत काळे, लांब मानेचे सूक्ष्म कुंभ उभे राहिले, मानेच्या टोकाला चिकट फिकट थेंब. थेंबातले बीजाणू काठ असलेल्या टोपीच्या आकाराचे. सेराटोसिस्टिसच.

मग सल्ला बदलला. ती दोन झाडं मुळांसकट काढून तिथेच जाळायची, ओढत बांधापर्यंत न्यायची नाहीत. त्या खड्ड्यांत लगेच नवं रोप नको. शेजारच्या झाडांच्या आळवणीचं, म्हणजे मुळाशी औषध ओतण्याचं, वेळापत्रक केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडून घ्यायचं. कात्री प्रत्येक झाडानंतर 1 टक्का हायपोक्लोराइटमध्ये बुडवायची. छाटणीच्या जखमांवर 10 टक्के बोर्डो पेस्ट, म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. त्यात घासलेलं लोखंडी पातं बुडवून पाहायचं. तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घालायचा.

बांधावरच्या ढिगातल्या भोकं पडलेल्या डाळिंबाच्या काड्या भुंगेरे बाहेर पडायच्या आत वेचून जाळायच्या. शेवग्या-सुबाभळीच्या लाल दाण्यांच्या काड्या तिथेच कुजू द्यायच्या.